कबरीवर कोरलेला शक

इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या पूर्व भागात, मोजोकेर्तो शहराजवळ त्रोवुलान नावाचं गाव आहे. आज तिथे शेतं आणि वीटभट्ट्या दिसतात. चौदाव्या शतकात तिथे मजापहित साम्राज्याची राजधानी होती. राजा हयाम वुरुक (कारकीर्द १३५० ते १३८९), दरबार हिंदू आणि बौद्ध, आणि सत्तेचा दरारा दूरच्या बेटांपर्यंत. या राजधानीच्या हद्दीतच त्रालाया नावाचं जुनं कबरस्तान आहे. तिथल्या काही दगडांवर एका बाजूला अरबी लिपीत कुराणातली वचनं कोरली आहेत आणि दुसऱ्या बाजूला जुन्या जावानी अंकांत साल घातलं आहे. त्यातलं एक साल १२९८.

हे हिजरी साल नाही, हा शक आहे. आपण लग्नपत्रिकेवर आणि पंचांगावर 'शालिवाहन शके' लिहितो तोच. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १३७६ येतो. त्रोवुलानमध्येच सापडलेला आणखी एक दगड शके १२९०चा, म्हणजे त्याहूनही आठ वर्षं जुना आहे.

परदेशातून आलेला एखादा मुसलमान व्यापारी बंदरात वारला असता, तर त्याच्या सोबत्यांनी कबरीवर हिजरी साल घातलं असतं. मृत्यूचं वर्ष जावानी अंकांत आणि शकात मोजणारी माणसं जावाचीच असणार. लुई-शार्ल दामे या फ्रेंच अभ्यासकाने १९५७ मध्ये या लेखांचं तपशीलवार वाचन मांडलं, तेव्हा हा मुद्दा ठळकपणे पुढे आला. काही दगडांवरचं बारीक नक्षीकाम आणि राजवाड्याशी असलेली जवळीक पाहिली, तर ही साधी रयतही नसावी. हिंदू-बौद्ध साम्राज्य ऐन भरात असताना त्याच्या दरबारी वर्तुळातले काही लोक मुसलमान होते आणि त्यांना राजधानीतच सन्मानाने मूठमाती मिळत होती.

याच्या पुढचा दुवा मला फार महत्त्वाचा वाटतो. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी आरमाराबरोबर मा हुआन हा दुभाषा जावाच्या किनाऱ्यावर आला. तो स्वतः मुसलमान होता, त्यामुळे आपले धर्मबांधव त्याच्या नजरेतून सुटले नसते. त्याने तीन प्रकारचे लोक नोंदवले : पश्चिमेकडून आलेले मुसलमान, चिनी (त्यातले काही मुसलमान) आणि मुसलमान नसलेले स्थानिक जावानी. म्हणजे त्याला बंदरात जावानी मुसलमान दिसले नाहीत, आणि किनाऱ्यापासून आत असलेल्या राजधानीत मात्र त्यांच्या कबरी काही दशकं आधीपासून होत्या. धर्म आधी बंदरात रुजला आणि मग हळूहळू आत झिरपला, हे आपण शाळेत शिकतो ते सरळ चित्र या दगडांपुढे टिकत नाही.

अर्थात समुद्राचा वाटा मोठाच होता. अरब आणि इराणी जहाजं चीनकडे जाताना या बेटांजवळून कित्येक शतकं ये-जा करत होती. पूर्व जावातल्या लेरान इथे फातिमा बिन्त मैमून या स्त्रीचा कबरीचा दगड सापडला, त्यावर हिजरी ४७५, म्हणजे इसवी सन १०८२ आहे. तरीही स्थानिक राजसत्तेने हा धर्म स्वीकारल्याचा ठोस पुरावा मिळायला आणखी दोन शतकं जावी लागली. १२९२च्या सुमारास मार्को पोलो उत्तर सुमात्रात थांबला. पेर्लाक शहरातले लोक मुसलमान व्यापाऱ्यांच्या संगतीने मुसलमान झाले, डोंगरातले झाले नाहीत, असं तो सांगतो. शेजारच्या समुद्र-पासाई राज्यात सुलतान मलिक अल-सालेह याची कबर आहे, हिजरी ६९६ची, म्हणजे १२९७च्या आसपासची. १३४५च्या सुमारास इब्न बतूता तिथे पोचला, तेव्हा त्याला शाफिई पंथाचा (सुन्नींच्या चार कायदेपरंपरांपैकी ही एक), धर्मचर्चेची आवड असलेला आणि शुक्रवारच्या नमाजाला पायी जाणारा सुलतान भेटला.

मार्को पोलोला सुमात्रात पाच महिने अडकून पडावं लागलं, कारण हवामान अनुकूल नव्हतं. मोसमी वारे दर सहामाहीला दिशा बदलतात. शिडाचं जहाज या वाऱ्यावर एकदा पूर्वेला गेलं की परतीचा वारा सुटेपर्यंत बंदरातच थांबणार. महिनोन् महिने राहायचं तर घर लागतं, नमाजाला जागा लागते, पुष्कळदा तिथेच लग्नही होतं. आईची भाषा स्थानिक आणि बापाचा धर्म इस्लाम, अशी मुलं मग त्या बंदरात वाढतात. वाऱ्याच्या या सक्तीच्या मुक्कामाने जे साधलं, ते घाईच्या व्यापाराने साधलं नसतं. 'मोसम' हा आपला शब्दसुद्धा अरबीतूनच आलेला आहे. आणि आपल्याकडे भीमसेनी कापराला 'बरास' म्हणतात, तो सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बारुस या बंदराच्या नावाने ओळखला जाणारा कापूर. म्हणजे या व्यापाराचा वास आपल्या देवघरापर्यंत पोचलेला आहे.

आता एक दगड आपल्या शेजारचा. १९१२ मध्ये मोकेट या डच अभ्यासकाने पासाईतली १४२८ची कबर आणि जावातल्या ग्रेसिक इथली मलिक इब्राहिम यांची १४१९ची कबर गुजरातमधल्या खंबायतच्या कबरींशी ताडून पाहिली. संगमरवर तोच, कोरणीची धाटणीही तीच. खंबायतचे कारागीर हे दगड घडवत आणि ते जहाजाने समुद्रापार जात. असेच दगड अरबस्तानात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही सापडले आहेत. यावरून बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढला की इंडोनेशियाचा इस्लाम गुजरातेतून आला.

मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. उत्तम संगमरवर कुठे मिळतो एवढंच दगड सांगतो, कलमा कोणी शिकवला हे सांगत नाही. शिवाय हे दगड पंधराव्या शतकातले आणि पासाईची सल्तनत तेराव्यातली. त्यात गुजरातेतल्या सुन्नींमध्ये हनफी पंथाचं प्राबल्य, तर इंडोनेशियातले बहुतेक मुसलमान शाफिई. शाफिई पंथ दक्षिण अरबस्तानात आहे, मलबारात आहे आणि आपल्या कोकणातही आहे. कोकणी मुसलमान शाफिईच आहेत. एकाच गावाकडे बोट दाखवण्यापेक्षा हिंदी महासागराचा सगळा पश्चिम काठ डोळ्यांपुढे ठेवणं जास्त प्रामाणिक ठरेल.

आणि बेटांवर पोचल्यावर या धर्माने तिथलीच भाषा उचलली. मलय द्वीपकल्पावरच्या तेरेंगानूची शिळा मलय भाषेत पण अरबी लिपीत आहे. तिच्या सालाबद्दल मतभेद आहेत, १३०३ हे बहुतेकांना मान्य. या इस्लामी कायद्याच्या लेखात ईश्वरासाठी शब्द आहे 'देवाता मुलिया राया'. उत्तर सुमात्रात मिन्ये तुजोह इथे एका राजस्त्रीची १३८०ची कबर आहे. तिच्यावरचा मलय लेख भारतीय वळणाच्या लिपीत, उपजाती वृत्तात रचलेला आहे. इंद्रवज्रा आणि उपेंद्रवज्रा यांच्या मिश्रणाची ती उपजाती. आणि साल मात्र हिजरी! त्रालायात अरबी मजकुराला शक जोडला होता, इथे संस्कृत वृत्ताला हिजरी. आजही मलय आणि इंडोनेशियन भाषांत रोजाला 'पुआसा' म्हणतात, म्हणजे उपवास. स्वर्ग 'सुर्गा', नरक 'नेराका', पाप 'दोसा', पुण्याईचं फळ 'पाहाला' आणि खुद्द धर्म म्हणजे 'आगामा'.

शकाचं पुढे काय झालं तेही सांगतो. १६३३ मध्ये मध्य जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने जावाची कालगणना बदलली. महिने हिजरीप्रमाणे घेतले आणि वर्ष निव्वळ चांद्र केलं. रमजानच्या महिन्याला जावानीत 'पासा' म्हणतात, पुन्हा उपवासच. वर्षाचा आकडा मात्र त्याने मोडला नाही. तेव्हा शके १५५५ चालू होतं, तिथूनच मोजणी पुढे नेली. निव्वळ चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे दर ३३ वर्षांमागे साधारण एक वर्ष जास्त भरतं. २०२५च्या गुढीपाडव्याला आपल्याकडे शके १९४७ लागलं. त्याच वर्षी जूनअखेर जावात सुरू झालेलं वर्ष होतं १९५९.