भाषा सोपी, वय मात्र पंधराचं: इंग्रजी शिकणाऱ्या किशोरांसाठी ग्रंथालयाची पुस्तकं निवडताना

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी पुस्तकं मागवताना ग्रंथपाल आम्हाला बहुतेक वेळा एवढंच सांगतात, "सोपी द्या." मग बालविभागातली ससा-अस्वलाची पुस्तकं पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती जातात. त्याला ती वाचता येतात, पण वर्गमित्रांसमोर उघडायची लाज वाटते, त्यामुळे ती कपाटातच राहतात. भाषा खालच्या पायरीची चालेल. विषय मात्र त्याच वयाचा हवा. मैत्रीतली फसवणूक, घरच्यांशी वाद, खेळातली चुरस, गूढ, भय, पहिलं प्रेम.

किती शब्द अडलेले चालतात?

हू आणि नेशन या भाषासंशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासातला आकडा या क्षेत्रात नेहमी दिला जातो: मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची तर सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. २५० शब्दांच्या पानावर याचा अर्थ पाच अनोळखी शब्द. म्हणून विद्यार्थ्याला मधलंच एखादं पान वाचू द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायला सांगा. मूठ मिटूनही पान उरलं, तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवा.

खरी अडचण पुढे आहे. पायरीपायरीने लिहिलेल्या वाचनमालांमध्ये शब्द मोजून वापरलेले असतात. 'ऑक्सफर्ड बुकवर्म्स'मध्ये पहिल्या पायरीला ४०० मूळ शब्द, तर सहाव्या पायरीला २५००. पण सर्वसाधारण इंग्रजी कादंबरी त्या ९८ टक्क्यांच्या हिशेबाने वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) लागतात, असं पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलं. अडीच हजारांवरून थेट आठ हजारांवर उडी कोण मारणार? बरीच मुलं इथेच वाचन सोडतात. ग्रंथालयाने पैसा सर्वांत आधी या मधल्या टप्प्यावर खर्च करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

या टप्प्यावर चालणारी पुस्तकं

मुक्तछंदातल्या कादंबऱ्या आम्ही आवर्जून सुचवतो. ओळी आखूड, पानावर मोकळी जागा भरपूर, आणि तासाभरात पन्नास पानं उलटली की मुलाचा स्वतःवर विश्वास बसतो. किशोरांचे विषय सोप्या भाषेत मांडणाऱ्या छोट्या कादंबऱ्याही घ्या. ग्राफिक कादंबऱ्यांमध्ये संवादाचा अर्थ चेहऱ्यांवरून लागतो. "चित्रं बघणं म्हणजे वाचन का?" असं कुणी विचारलंच, तर किशोरांसाठीच्या उत्कृष्ट पुस्तकाला अमेरिकेत दिला जाणारा प्रिंट्झ पुरस्कार २००७ मध्ये 'अमेरिकन बॉर्न चायनीज' या ग्राफिक कादंबरीला मिळाला होता, हे सांगा. शॉन टॅन यांच्या 'द अरायव्हल'मध्ये तर गोष्ट सांगायला शब्दच वापरलेले नाहीत, पण परक्या देशात आलेल्या माणसाची ती गोष्ट मोठ्यांनाही विचारात पाडते. अगदी नवख्यांना बोलतं करायला ती उत्तम.

मालिका असेल तर पहिले तीन भाग एकदम घ्या. तीच पात्रं, तेच शब्द पुन्हा भेटतात आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षा भरभर वाचून होतो.

आकड्यावर विसंबू नका

पुस्तक किती अवघड हे आकड्यात सांगणारी लेक्साइलसारखी मापनं मुख्यतः वाक्यांची लांबी आणि शब्दांची वारंवारता पाहतात. उपरोध, टपोरी बोली, वाक्प्रचार, मागेपुढे उड्या मारणारं कथानक त्यांत दिसत नाही. आखूड वाक्यांचं, कमी आकड्याचं पुस्तकही त्यामुळे कधीकधी नवख्याला अजिबात कळत नाही. अद्भुतकथांचीही तीच गत: लेखकाने घडवलेले शब्द कोशात सापडत नाहीत, आणि कुठला लक्षात ठेवायचा हे मुलाला ठरवता येत नाही. मात्र तीच कथा त्याने मातृभाषेत वाचली असेल किंवा पडद्यावर पाहिली असेल, तर खुशाल द्या. श्राव्य आवृत्ती मिळत असेल तर तीही सोबत ठेवा. इंग्रजीचं स्पेलिंग पाहून उच्चार ओळखणं अवघडच.

आणि कृपा करून पायरीची चिठ्ठी पुस्तकाच्या बाहेर चिकटवू नका. आतल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली खूण पुरते.

मागणी नोंदवताना आम्हाला मुलांचं वय, इंग्रजी शिकायला लागून किती काळ झाला, मातृभाषेत ती सहज वाचतात का, आणि सध्या त्यांना कशाचं वेड आहे, एवढं कळवा. शेवटचं मुलांनाच विचारून लिहिलेलं बरं. मोठ्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो.