नवेगावबांध तलाव

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ऐतिहासिक तलाव. विस्तार सुमारे ११ चौ. किमी. भोवती डोंगर आणि दाट जंगल असल्याने नवखा माणूस त्याला निसर्गनिर्मितच समजतो. पण हा तलाव शेतकऱ्यांनी धानाच्या पाण्यासाठी बांधला आहे, आणि तो पाहायला जाणाऱ्याने आधी पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, उभे राहावे.

अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळीने अडवून तो उभारल्याचे सांगतात. भोवतालच्या टेकड्या म्हणजे ‘सातबहिणी’. पाळ बांधताना त्यांनी कोलूला हातभार लावला, अशी लोककथा आहे. कोलू स्वतः कोलासुर या नावाने देव झाला. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने जोखणे हे कोहळी समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब. पाणी अडवायला पाळ, बांध्यांत (धानाच्या शेतांत) सोडायला तुडूम आणि जास्तीचे पाणी वाहून जायला सलंग, एवढ्यावर पूर्व विदर्भातले हजारो तलाव उभे राहिले. ढिवर समाजाची मासेमारी त्याच पाण्यावर चालत आली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि हे तलाव ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून सरकारकडे गेले. बांधणाऱ्यांचा हात त्यांवरून सुटला, ही हानी मोठी आहे.

तलावाभोवतालच्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला (सुमारे १३४ चौ. किमी). २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही जंगले मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. वनाधिकारी व पक्षीतज्ज्ञ मारुती चितमपल्ली यांनी येथे दीर्घकाळ काम केले.

बहुतेक जण वाघासाठी येतात; तलावाचे खरे वैभव मात्र पक्षी आहेत. हिवाळ्यात पट्टकदंब, चक्रवाक, तलवार बदक असे पाहुणे उतरतात. त्यांच्यासाठी डिसेंबर-जानेवारीतली सकाळ उत्तम, दुर्बीण हवीच. पावसाळ्यात जंगल सफारी बंद असते.

सारस क्रौंच पाहायचा असेल तर जंगलाबाहेर, जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांकडे वळावे. तो पावसाळ्यात उभ्या धानातही घरटे करतो. अशा वेळी ज्याची बांधी, तोच त्याचा राखणदार. म्हणून शेतमालकाला विचारल्याशिवाय धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पाय ठेवू नये आणि घरट्याजवळ जाऊ नये.