पांढरा चेंडू, पांढरी भिंत

आमच्या सोसायटीत टीटीचं, म्हणजे टेबल टेनिसचं, टेबल पार्किंगमध्ये मांडलेलं आहे. एका टोकाला पांढरा डिस्टेंपर मारलेली भिंत, दुसऱ्या टोकाला रस्त्याकडे उघडणारं फाटक. संध्याकाळी पाचला नाणेफेक होते ती सर्व्हिससाठी नाही, बाजूसाठी. ‘चेंडू दिसलाच नाही’ ही आमच्याकडची हरण्याची पेटंट सबब. गंमत म्हणजे बहुतेक वेळा ती खरी असते.

तक्रार वाढली तेव्हा कमिटीने आणखी एक ट्यूब लावून दिली. काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. डोळा उजेडापेक्षा उजेडातली तफावत जास्त पाहतो: चेंडू आणि त्याच्या मागचं दृश्य, यांत कोण किती पटीने उजळ आहे ते. नवी ट्यूब चेंडूवर जितकी पडते, तितकीच मागच्या भिंतीवरही पडते. दोन्ही दुप्पट उजळले तरी गुणोत्तर तिथंच.

भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि समोरच्याला चेंडू हातावर धरायला सांगा. प्रकाश वरून येतो, त्यामुळे चेंडूचा वरचा भाग उजळ आणि खालचा सावलीत असतो. वरचा भाग भिंतीत विरघळून जातो आणि खाली फक्त राखाडी कोर उरते, तृतीयेच्या चंद्राची असावी तशी. ४० मिलिमीटरचा चेंडू मुळातच लहान. टेबलाच्या पलीकडून तो आपल्या डोळ्याशी एक अंशाहूनही कमी कोन करतो. त्यातली कोरच काय ती आपल्या वाट्याला येते, आणि चेंडू आहे त्यापेक्षा खाली भासतो.

फाटकाच्या बाजूची गोष्ट अजून वाईट. मागे लख्ख ऊन असताना चेंडू काळा ठिपका दिसतो. तोच खाली येऊन टेबलाच्या गडद निळ्या पृष्ठभागासमोर आला की पांढरा दिसतो. काळ्याचा पांढरा होताना, मधल्या धूसर पट्ट्यासमोर, एक क्षण असा येतो की चेंडू आणि पार्श्वभूमी सारख्याच उजळ असतात. तिथे तो अक्षरशः गायब होतो. समोरचा हसतो, पण चूक डोळ्यांची नसते.

मग नारिंगी चेंडू आणावा? फिक्या भिंतीसमोर तो पांढऱ्यापेक्षा बरा. पण एक मेख आहे. मेंदूतली हालचाल टिपणारी यंत्रणा रंगाच्या बाबतीत बरीचशी आंधळी असते, ती मुख्यतः उजळ-अंधुक यावर चालते. दोन रंग वेगळे पण उजळपणा सारखा असेल, तर वस्तू दिसते आणि तिचा वेग मात्र आहे त्याहून कमी भासतो. मातकट विटकरी भिंतीसमोर नारिंगी चेंडूचं तसं होऊ शकतं. गडद पार्श्वभूमी मिळाली तर पांढऱ्याला तोड नाही.

आंतरराष्ट्रीय नियम याच तत्त्वावर बेतलेले आहेत. टेबल गडद आणि बिनचकाकीचं, चेंडू पांढरा किंवा नारिंगी आणि तोही बिनचकाकीचा, शर्टाचा मुख्य रंग चेंडूहून स्पष्ट वेगळा. पार्श्वभूमी गडद हवी, उघड्या खिडकीतून ऊन यायला नको. टेबलावर किमान किती प्रकाश हवा, हेही ठरलेलं असतं.

म्हणजे उजेडालाही महत्त्व आहेच, पण कारण वेगळं. अंधुक प्रकाशात डोळ्याकडून मेंदूकडे संदेश उशिरा पोहोचतो. एका डोळ्यावर गॉगलची काच धरून समोर डावीकडून उजवीकडे हलणारा लंबक पाहा; तो लंबगोलात फिरतोय असं वाटतं, कारण झाकलेला डोळा मागे पडलेला असतो. कार्ल पुलफ्रिक या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ साली याचं स्पष्टीकरण मांडलं. त्याचा स्वतःचा एक डोळा निकामी होता, त्यामुळे हा चमत्कार त्याला पाहताच येत नव्हता! आता हिशेब करा: चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने येतोय आणि समजा डोळा १० मिलिसेकंदांनी मागे पडला, तर चेंडू १० सेंटिमीटर पुढे निघून गेलेला असतो. रॅकेटच्या निम्म्याहून जास्त रुंदी.

दिव्यांचं आणखी एक दुखणं म्हणजे लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते. स्वस्त एलईडी तर प्रत्येक वेळी जवळजवळ विझतो. आपल्याला ते जाणवत नाही, पण वेगवान चेंडू सलग रेघ न दिसता सुट्या ठिपक्यांची माळ दिसतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दिव्याचा व्हिडिओ काढा, पडदा लपलपताना दिसला की दोषी सापडला. चांगल्या ड्रायव्हरचा (म्हणजे दिव्याला स्थिर वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) एलईडी घ्या आणि तो खेळाडूच्या नजरेच्या रेषेत न टांगता टेबलाच्या लांब बाजूंना टांगा.

खरं तर उत्तम खेळाडूही चेंडू पूर्ण वेळ पाहत नाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी २००० साली क्रिकेटच्या फलंदाजांची नजर मोजली. फलंदाज चेंडू सुटताना पाहतो आणि मग नजर थेट टप्पा पडेल तिथे उडी मारते, चेंडूच्या आधीच. टीटीतही नजर अशीच टप्प्यावर आधी जाऊन बसते. म्हणून अंधुक जागी चेंडूमागे डोळे फिरवत बसण्यापेक्षा समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते तो क्षण नीट पाहावा. पुढचा बराचसा प्रवास त्यातच ठरलेला असतो.

आणि कान? १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, तेव्हा जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली रॅकेट घेऊन आला आणि एकेरीचं विजेतेपद घेऊन गेला. स्पंजमुळे फटक्याचा ‘टॉक’ आवाजच येईना. आवाजावरून वेग ओळखायची सवय असलेले भलेभले गोंधळून गेले. आपण किती कानांनी खेळतो, हे आवाज गेल्यावर कळतं.

चष्म्याचं थोडक्यात: बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह लावून खेळू नये. खालच्या भागात वाचनाचा नंबर असतो आणि टेबलावरचा चेंडू नेमका तिथूनच बघितला जातो. आमच्यातल्या बासष्ट वर्षांच्या एका काकांनी फक्त दूरच्या नंबरचा साधा चष्मा करून घेतला, आणि तेव्हापासून त्यांच्याशी पैज लावणं आम्ही बंद केलं.

भिंतीवर आम्ही दोन जुन्या गडद निळ्या चादरी टांगल्या. खर्च शून्य, फरक पहिल्याच रॅलीत. फाटकावरही पडदा हवा, असा अर्ज दिला होता. गाड्या आत-बाहेर करायला अडचण होते म्हणून कमिटीने तो फेटाळला. त्यामुळे पाच वाजताची नाणेफेक अजूनही बाजूसाठीच होते, फक्त आता जिंकणारा डोळे झाकून चादरीकडे तोंड करून उभा राहतो.