पट्टी उलटी का उडते?

पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या खिडकीला सागाच्या पट्ट्या हव्या होत्या, जाडी जेमतेम 5 मिलिमीटर. टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली करवत, सुरू करण्याआधी मिस्त्रींनी दम भरला, "ताई, पात्याच्या रेषेत थांबू नका. बाजूला व्हा."

10 इंची पातं मोटरवर थेट बसवलं तर मिनिटाला सुमारे 2,880 फेरे मारतं. हिशोब केला तर दातांचा वेग ताशी 138 किलोमीटर भरतो, म्हणजे वेगवान गोलंदाजाचा चेंडूच. पुढचे दात लाकूड टेबलावर दाबत कापतात. खोडी मागच्या दातांची, कारण ते टेबलातून वर येत असतात. लाकूड त्यांना टेकलं की उचललं जातं आणि पात्याच्या माथ्यावरून कापणाऱ्याच्या अंगावर येतं.

टेकतं कशाने? झाड वाढताना आणि लाकूड वाळताना आत ताण साठतो. कापल्यावर तो सुटतो, दोन्ही भाग वाकतात, कधी चीर मिटून पातं आवळलं जातं. चीर मिटू नये म्हणूनच पात्यामागे रायव्हिंग नाईफ नावाची पोलादी पट्टी उभी असते, पात्याच्या चकतीहून जाड पण चिरेहून किंचित पातळ.

बारीक पट्टीची गोष्ट आणखी अवघड. गाईड, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायचा पात्याला समांतर आधार, पात्यापासून 5 मिलिमीटरवर आणलं तर पट्टी दोघांच्या सापटीत कोंडते. तिथे बोट शिरत नाही, शिरूही नये. सुटी झाली की दात तिला भाल्यासारखी फेकतात. मिस्त्री उलटं करतात. रुंद फळी गाईडला, पट्टी पलीकडच्या मोकळ्या बाजूला. अडकायला काही नसल्याने ती सहसा तिथेच पडून राहते. दर पट्टीला गाईड सरकवावं लागतं खरं. जाडी सारखी यावी म्हणून त्यांनी मोकळ्या बाजूला एक ठोकळा आवळला होता. फळी त्याला टेकवायची, मग गाईड घट्ट करायचं. ठोकळा मात्र पात्याच्या बराच अलीकडे, नाहीतर पट्टी पुन्हा कोंडलीच. शेवटची वीतभर फळी हाताने नाही, लाकडी दट्ट्याने ढकलायची. हातमोजे नाहीत, कारण पातं ते हातासकट ओढतं.

फरशी कापायचा हातातला मार्बल कटर उलटा करून प्लायखाली बसवणारेही पुष्कळ. पातं 110 मिलिमीटरचं, म्हणून धाक वाटत नाही. पण ते मिनिटाला 12,000 फेऱ्यांनी फिरलं तर दात ताशी 250 किलोमीटरच्या घरात जातात, आणि मागे रायव्हिंग नाईफ नसतो. मी तरी त्यावर पट्टी कापणार नाही.

बटण बंद झालं तरी पातं फिरतच होतं. ते पुरतं थांबेपर्यंत मिस्त्रींनी पट्टीला हात लावला नाही.