हत्तीची स्थाननिवड (बुद्धिबळ)

डावाच्या सुरुवातीला दोन्ही हत्ती कोपऱ्यांतून काढून कोणत्या उभ्या पट्टीवर ठेवायचे, याचा निर्णय. घोडे व उंट बाहेर पडून किल्लेकोट (राजा व हत्ती यांची एकत्र खेळी) झाला, की बहुधा दहाव्या ते पंधराव्या खेळीच्या सुमारास तो घ्यावा लागतो.

कोपऱ्यातील मोहऱ्याला मराठीत हत्ती म्हणत असले, तरी चतुरंगात (बुद्धिबळाच्या प्राचीन भारतीय रूपात) त्या जागी मुळात सेनेचे कोणते अंग होते याविषयी मतभेद आहेत. या मोहऱ्याचे फार्सी नाव ‘रुख’ म्हणजे रथ, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हत्ती, घोडे, रथ, पायदळ या मोजणीशीही ते जुळते. मात्र नवव्या शतकातील अरब खेळाडू अल्-अदली याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या भारतीय खेळाच्या वर्णनात कोपऱ्यात हत्ती आहे आणि तो सरळ रेषेत एक घर ओलांडून उडी घेतो. बंगालमधील ‘तिथितत्त्व’ या ग्रंथातील (बहुधा सोळावे शतक) चौघांच्या डावात तेथे नौका असून ती तिरकी दोन घरे जाते. मराठी नाव अल्-अदलीच्या हत्तीशी जुळते खरे. पण तेवढ्यावरून अखंड परंपरा मानणे धाडसाचे आहे. रथाचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

रुखाची चाल शतरंजपासून (चतुरंगाच्या फार्सी-अरबी रूपापासून) बदललेली नाही, पण शतरंजमध्ये किल्लेकोट नव्हता. देशी पद्धतीत राजाला एकदाच घोड्याची चाल मिळे. हत्ती कोपऱ्यातच राही. युरोपात राजाच्या अशाच एका उडीतून किल्लेकोट घडत गेला. सोळाव्या-सतराव्या शतकांत त्याचे आजचे रूप आले असावे. इटलीत निराळा, अधिक मोकळा नियम एकोणिसाव्या शतकातही चालू होता. किल्लेकोटात एक हत्ती आपोआप मध्याकडे सरकतो आणि दुसरा मागे राहतो. ‘कोणता हत्ती?’ हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

खुली (प्यादी नसलेली) पट्टी हत्तीची, हे सर्वश्रुत आहे. पण सुरुवातीला पट्ट्या बहुधा बंदच असतात. कोणती उघडेल याचा अंदाज प्याद्यांवरून बांधावा लागतो. बुद्धिबळपटू व लेखक निम्झोविचने १९२५ च्या ‘माझी पद्धती’ या ग्रंथात बंद पट्टीवरील हत्तीच्या ‘गूढ खेळी’ची चर्चा केली. प्रतिस्पर्धी जे प्यादे पुढे सारून पट्टी उघडू पाहतो, तिच्यावर आधीच हत्ती ठेवायचा. प्यादे पुढे आलेच नाही, तर हत्तीचे काम झाले.

स्पॅनिश डाव या सुरुवातीच्या प्रकारात सहाव्या खेळीला पांढरा हत्ती एफ१ वरून ई१ वर येतो (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८), तेव्हा ई पट्टी बंदच असते. त्याआधी पांढऱ्याने उंटाने सी६ वरचा घोडा मारून मग घोड्याने ई५ चे प्यादे घेतले, तर काळा ई४ चे प्यादे परत मिळवतो. आता ई४ ला हत्तीचा जोर (संरक्षण) असल्याने ई५ चे प्यादे घेण्याची धमकी खरी ठरते. म्हणून काळा बी प्यादे बी५ वर नेऊन उंटाला हुसकावतो.

डी१ वर कोणता हत्ती आणावा, हे अधिक अवघड. एफ१ चा आणला तर एफ२ च्या प्याद्याला एकट्या राजाचा जोर उरतो. ए१ चा आणला तर ए२ उघडे पडते, पण एफ४ ची चढाई हाताशी राहते. वजिराचा गँबिट या सुरुवातीच्या, मध्यातली प्यादी बदलून घेण्याच्या अदलाबदल प्रकारात पांढरा पुष्कळदा ए१ चा हत्ती बी१ वर नेतो, कारण पुढे बी प्यादे बी५ पर्यंत रेटून काळ्याचे सी६ चे प्यादे कमकुवत करायचे असते.