क्रूझवर बॅग फुटली, भरपाई कशी मागायची?

आमच्याकडून बॅग घेणाऱ्या आणि दुरुस्तीला आणणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळीची सुट्टी संपली की, आणि मे महिना सरता सरता पुन्हा एकदा, सोलापुरात आमच्या नवी पेठेतल्या दुकानात चाकं निखळलेल्या आणि दांडे वाकलेल्या बॅगांची रांग लागते. पूर्वी त्यात तिरुपती आणि चारधामवाल्यांच्या बॅगा जास्त असायच्या. आता क्रूझच्याही येतात. कुणी मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करून आलेलं असतं, कुणी सिंगापूरहून, एखादं थेट बार्सिलोनाहून. काउंटरवर प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "बोटीवाल्यांकडून काही मिळेल का हो?"

मिळतं. पण बॅग आमच्या काउंटरवर येईपर्यंत बहुतेकांची वेळ निघून गेलेली असते. घरी पोचू, आंघोळ करू, झोप काढू आणि मग बघू म्हणणाऱ्याला कंपनी पहिलाच प्रश्न विचारते, "बॅग ताब्यात घेताना का नाही सांगितलं?" तिथंच विषय संपतो. त्यामुळे हे पत्रक बॅग फुटून आलेल्यापेक्षा क्रूझला निघालेल्यानं वाचलेलं बरं.

बॅग फुटली कुणाच्या हातात?

सोलापूरकराची बॅग बोटीपर्यंत एका दमात जात नाही. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी मुंबईत टॅक्सी, मग बॅलार्ड पियरचं टर्मिनल. परदेशातली क्रूझ असेल तर मध्ये विमान. प्रत्येकाचा नियम वेगळा आणि प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवणार. म्हणून हात बदलेल तिथं बॅगेवरून एकदा नजर फिरवा.

रेल्वेत आपण बर्थखाली ठेवलेल्या बॅगेची जबाबदारी आपलीच. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १०० प्रमाणे सामान बुक करून पावती घेतली असेल तरच रेल्वे जबाबदार; सोबत नेलेल्या सामानासाठी रेल्वे कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा आपल्याला सिद्ध करावा लागतो.

विमानातून उतरताना पट्ट्यावर बॅग फुटलेली दिसली तर विमानतळाबाहेर पडू नका. तिथल्या बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला माँट्रियल करार लागू असेल तर चेक-इन बॅग ताब्यात घेतल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. त्याचा दर रोज बदलतो; सोयीसाठी एक एसडीआर म्हणजे साधारण १२० रुपये धरा.

विमानात फुटलेली बॅग तशीच बोटीवर नेली आणि परतताना बोटवाल्यांकडे पैसे मागितले, असं करू नका. टर्मिनलवर बॅग घेतानाच "आधीच फुटलेली" असा शेरा ते मारू शकतात, आणि मग विमानवाल्यांचेही ७ दिवस हातचे जातात.

बोटीवर काय होतं

पहिल्यांदा जाणाऱ्याला हे माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर. टर्मिनलवर मोठ्या बॅगेला केबिन नंबरचा टॅग लागतो आणि हमाल ती घेऊन जातात. संध्याकाळपर्यंत ती केबिनच्या दाराबाहेर येते. शेवटच्या रात्री उलटा प्रकार: सांगितलेल्या वेळेच्या आत बॅग दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवायची, रात्रीत ती पिंजऱ्याच्या गाड्यांवर चढते आणि सकाळी टर्मिनलच्या हॉलमध्ये टॅगच्या रंगाप्रमाणे ओळीनं उभी असते. आमच्याकडे येणाऱ्या क्रूझच्या बॅगांचं बहुतेक नुकसान या दोन फेऱ्यांमधलंच दिसतं. खाली दबलेल्या बॅगेचा कोपरा जातो नाहीतर चाक घरासकट, म्हणजे ते ज्या खोबणीत बसवलेलं असतं तिच्यासकट, उपटतं.

कायद्याच्या दृष्टीनंही इथंच मेख आहे. समुद्रप्रवासातल्या प्रवाशांसाठी आणि त्यांच्या सामानासाठी १९७४ चा अथेन्स करार आहे. त्याची २००२ ची सुधारित आवृत्ती २०१४ पासून अंमलात आली, आणि युरोपीय संघानं ती आपल्या नियमात आधीच घेतली. युरोपातल्या बहुतेक आंतरराष्ट्रीय क्रूझला ती लागते. तिच्यात सामानाचे दोन प्रकार आहेत. केबिनमध्ये किंवा तुमच्या ताब्यात असलेलं सामान एक, आणि कंपनीच्या ताब्यात दिलेलं दुसरं. कंपनीच्या ताब्यातली बॅग फुटली तर आपली चूक नव्हती हे कंपनीनं दाखवायचं. केबिनमधली बॅग फुटली, तर बोट बुडणं, आदळणं, आग लागणं असे मोठे अपघात सोडून बाकी वेळी कंपनीची चूक तुम्ही दाखवायची. आता केबिनमध्ये छतातून पाणी गळून साडी खराब झाली, तर त्या ओल्या छताचा फोटो किती मोलाचा आहे ते लक्षात येईल.

वेळेचा नियमही तसाच. डोळ्यांना दिसणारं नुकसान केबिनमधल्या सामानाचं असेल तर बोटीवरून उतरण्याआधी किंवा उतरताना, आणि सोपवलेल्या बॅगेचं असेल तर बॅग परत घेताना लेखी कळवायचं. वरून न दिसणारं नुकसान असेल, किंवा बॅग आलीच नसेल, तर १५ दिवसांत. हे केलं नाही तर बॅग धड मिळाली असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. दावा लावायची मुदत २ वर्षं.

मुंबई-गोवा ही देशातली फेरी. तिला हा करार लागत नाही. तिथं तिकिटाच्या अटी आणि आपला ग्राहक संरक्षण कायदा. तिकिटाच्या अटी म्हणजे बुकिंगच्या ईमेलमधली ती बारीक अक्षरांची लांबलचक फाइल. सगळी वाचायला कुणाला वेळ आहे? पण सामान, दायित्व आणि तक्रारीची मुदत हे तीन शब्द त्यात शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

किती मिळतं, खरं खरं

अथेन्स कराराच्या सुधारित आवृत्तीत केबिनमधल्या सामानाला माणशी २,२५० एसडीआर आणि सोपवलेल्या सामानाला माणशी ३,३७५ एसडीआर ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे अनुक्रमे पावणेतीन लाख आणि चार लाख रुपयांच्या आसपास. हे आकडे ऐकून चेहरे खुलतात, म्हणून पुढचं वाक्य आम्ही लगेच सांगतो. हा छताचा आकडा आहे, तेवढे मिळतात असं नाही. शिवाय तिकिटाच्या अटीत असेल तर माणशी १४९ एसडीआरपर्यंतचं नुकसान प्रवाशानं स्वतः सोसायचं, अशीही मुभा कंपनीला आहे. ते झाले जवळपास अठरा हजार. आमच्याकडची नेहमीची मोठी ट्रॉली बॅग त्याच्या निम्म्याहून कमी किमतीची असते. अशी अट असेल तर नुसती बॅग फुटल्याबद्दल कायद्यानं हातात शून्य येऊ शकतं.

मग तक्रार करायचीच कशाला? कारण कंपन्या नेहमी कायद्यावर बोट ठेवून बसत नाहीत. बोटीवरच्या गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर वेळेत गेलेल्याला कधी दुरुस्तीचा खर्च मिळतो, कधी खर्चासाठी क्रेडिट, कधी दुसरी बॅग. तिथं सौजन्य चालतं आणि घरी आल्यावर कलमं चालतात, एवढाच फरक. आणि बॅगेबरोबर आतला लॅपटॉप, कॅमेरा किंवा लग्नाचे कपडे गेले असतील तर रक्कम त्या अठरा हजारांच्या बरीच वर जाते.

नुसतं एक चाक गेलं असेल, वर चार ओरखडे असतील, तर आमचं स्पष्ट मत: काउंटरवर एकदा सांगा, नाही म्हणाले तर सोडून द्या. चाक आम्ही बसवून देऊ. त्यासाठी महिनाभर ईमेल खेळण्यात अर्थ नाही.

कशाचे पैसे मिळत नाहीत

वापरानं झालेली झीज, ओरखडे, निघालेला पट्टा, ठासून भरल्यामुळे फाटलेली चेन यांना कंपन्या सहसा नाहीच म्हणतात. रोख रक्कम, सोनं-चांदी, दागिने यांची जबाबदारी अथेन्स करारानुसार कंपनीवर नाही, अपवाद फक्त कंपनीकडे सांभाळायला म्हणून रीतसर दिलेल्या वस्तूंचा. केबिनमधल्या तिजोरीत ठेवले म्हणजे कंपनीकडे दिले, असं समजू नका. मंगळसूत्र मोठ्या बॅगेत टाकून ती रात्री कॉरिडॉरमध्ये ठेवणाऱ्यांना काय म्हणावं!

आणि शेंगा चटणी. डब्याचं झाकण सैल राहिलं, तेल पाझरलं, शर्टांना लागलं, तर तो दोष कंपनीचा नाही. चटणी कोरडी न्या, दोन पिशव्यांत बांधा, आणि बोटीवर बाहेरचं खाणं चालतं का ते आधी विचारा.

पुरावा: आम्ही बॅगेत काय बघतो

भरपाईच्या कामासाठी दुरुस्तीचं अंदाजपत्रक लागतं. ते आम्ही लेटरहेडवर देतो, पैसे घेत नाही. पण दिसेल तेच लिहितो.

ताजी मोड लपत नाही. पॉलिप्रॉपिलिनची बॅग दाबाखाली दुमडली की त्या रेषेवर रंग उडून पांढरट चरा उमटतो. तडा नवा असेल तर त्याची कड स्वच्छ आणि धारदार असते. जुन्या तड्यात काळा मळ बसलेला असतो, बोट फिरवलं की कळतं. चाकाचंही तसंच. झिजून गेलेल्या चाकाचं रबर एका बाजूनं सपाट झालेलं असतं. आपटून गेलेलं चाक गोल शाबूत असतं, पण त्याचं घर बॅगेच्या अंगातून स्क्रू-रिव्हेटसकट ओढून निघालेलं असतं. दांडा वर ओढताना एका बाजूला अडकत असेल तर आतल्या पाइपाला बाक आलाय. हे सगळं आम्ही लिहून देऊ. झिजलेल्या चाकाला "आपटून तुटलं" असं लिहून द्या म्हणून कृपया गळ घालू नका, ओळखीच्यांनीही.

तुमच्या बाजूनं तयारी सोपी आहे. निघताना भरलेल्या बॅगेचे चारही बाजूंनी फोटो, एक फोटो बॅग उघडून. शेवटच्या रात्री कॉरिडॉरमध्ये ठेवताना टॅग दिसेल असा आणखी एक. नुकसान दिसल्यावर आधी पूर्ण बॅग, मग तडा जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. टॅग फाडून टाकू नका. काउंटरवरच्या अर्जाची सही-शिक्क्याची प्रत घ्या. नाहीच दिली तर तुम्ही भरलेल्या अर्जाचा फोटो काढा आणि तिथल्या तिथे उभ्यानं कंपनीला ईमेल पाठवा.

बॅगेचं बिल हवं. गड्ड्याच्या यात्रेत घासाघीस करून घेतलेल्या बॅगेचं बिल कुठून आणणार? तशी बॅग असेल तर किमतीबद्दल वाद होणार हे धरून चाला. आमच्याकडून घेतली असेल आणि तेव्हा मोबाइल नंबर नोंदवला असेल, तर बिलाची दुसरी प्रत काढून देऊ. भरपाई धरली जाते ती बॅगेच्या आजच्या किमतीवर. चार वर्षं वापरलेल्या बॅगेचे नव्या बॅगेएवढे पैसे मिळायचे नाहीत.

पत्र कसं लिहायचं

येणारे ग्राहक पत्रं दाखवतात. त्यात आधी जेवण कसं थंड होतं, एसी कसा चालत नव्हता, आणि तिसऱ्या पानावर बॅग. असं करू नका. एवढं पुरे:

"मी अमुक, बुकिंग क्रमांक अमुक, केबिन अमुक. अमुक तारखेच्या रात्री माझी निळी मोठी बॅग, टॅग क्रमांक अमुक, केबिनबाहेर ठेवली. तेव्हाचा फोटो जोडला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी टर्मिनलवर ती परत मिळाली तेव्हा खालचा उजवा कोपरा फुटलेला होता आणि एक चाक घरासकट निघालेलं होतं. तिथेच तक्रार दिली, प्रत जोडली आहे. बॅग अमुक साली अमुक रुपयांना घेतली. दुरुस्तीचा अंदाज अमुक रुपये. दुरुस्तीचा खर्च, किंवा दुरुस्ती शक्य नसल्यास बॅगेची आजची किंमत द्यावी आणि लेखी उत्तर द्यावं."

परदेशी कंपनी असेल तर हेच इंग्रजीत पाठवा. घरात कॉलेजचं पोरगं असतंच. नसेल तर दुकानात या, टाइप करून देतो.

विमा आणि ग्राहक आयोग

प्रवास विमा काढला म्हणून निश्चिंत राहू नका. पुष्कळ पॉलिसींमध्ये चेक-इन बॅग पूर्ण हरवली तर पैसे असतात, फुटली तर नसतात. "नुकसान" हा शब्द पॉलिसीत आहे का, आणि प्रवासाच्या वाहनांत बोटही येते का, हे पॉलिसी काढण्याआधी एजंटला विचारा. तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

कंपनी दादच देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार जिथं राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, म्हणजे मुंबईच्या कंपनीविरुद्धची तक्रार सोलापुरात दाखल होते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत २ वर्षं. परदेशी कंपनीच्या तिकिटात मात्र वाद कुठल्या देशाच्या कोर्टात चालवायचा हे लिहिलेलं असतं, आणि तिथं प्रकरण लांबतं. म्हणून बुकिंग भारतातल्या एजंटकडून केलं असेल तर त्यालाही पहिल्या पत्रापासून प्रत पाठवत राहा.

दावा चालू असेपर्यंत बॅग दुरुस्त करू नका, टाकूनही देऊ नका; कंपनी बघायला मागू शकते. अंदाजपत्रकासाठी आणताना बिल, टॅग आणि तक्रारीची प्रत सोबत असू द्या, आणि बॅग रिकामी करून आणा.