फाइल सिस्टिम बिघडली, की कार्डच संपलं?

एसडी कार्डावर चालणारं छोटं लिनक्स उपकरण अर्ध्यावर बूट होऊन अडकतं. किंवा चालू राहतं, पण एकही सेटिंग टिकत नाही आणि लॉगमध्ये 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' (फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही) असा शेरा दिसतो. 'कार्ड करप्ट झालं' असं म्हणून आपण मोकळे होतो. पण फाइल सिस्टिम म्हणजे कोणती फाइल कार्डावर कुठे आहे याची खतावणी. त्या खतावणीतली नोंद चुकणं वेगळं आणि वहीचा कागदच कुजणं वेगळं.

नोंद चुकते ती बहुधा लिहिता लिहिता वीज गेल्यामुळे. फॅट३२ या साध्या फाइल सिस्टिममध्ये फाइलच्या तुकड्यांची साखळी एकीकडे आणि डिरेक्टरीतली नोंद दुसरीकडे लिहिली जाते. मध्येच वीज गेली की दोन्हींचा मेळ बसत नाही, कारण तिथे जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी तो टिपून ठेवणारी वही, नाही. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमकडे जर्नल आहे, पण नेहमीच्या सेटिंगमध्ये ते फक्त रचनेची माहिती सांभाळतं, फाइलमधला मजकूर नाही. त्यामुळे रचना धडधाकट आणि कॉन्फिग फाइल मात्र शून्य बाइटची, असंही घडतं. (बूट होताना 'रिकव्हरी कम्प्लीट' दिसलं तर घाबरू नका, जर्नलने आपलं काम केलं एवढाच त्याचा अर्थ.)

कागद कुजण्याची गोष्ट अधिक फसवी आहे. फ्लॅशमधला, म्हणजे कार्डातल्या मेमरीमधला, ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो, आणि लॉगची एक ओळ लिहायलाही कार्डातल्या कंट्रोलर चिपला कधी कधी अख्खा ब्लॉक हलवावा लागतो. खराब झालेले ब्लॉक तो राखीव जागेतून गुपचूप बदलत राहतो. राखीव साठा संपला की काही कार्डं लेखन नाकारतात. काही त्याहून वाईट वागतात: 'लिहिलं' म्हणतात, पण प्रत्यक्षात काहीच लिहीत नाहीत. तुम्ही फाइल पुसता, कार्ड काढून परत घालता, आणि फाइल जागच्या जागी! हे दिसलं की पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही.

इतकं स्पष्ट चिन्ह नसेल तर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग वाचा. नुसत्या 'ईएक्सटी४-एफएस एरर'च्या ओळी असतील तर संशय नोंदींवर घ्या. त्यांच्याआधी एमएमसीच्या (कार्ड हाताळणाऱ्या ड्रायव्हरच्या) ओळीत 'आय/ओ एरर' (वाचन-लेखनातली चूक), उणे ११० (टाइमआउट, वेळेत उत्तर नाही) किंवा उणे ८४ (सीआरसी चूक, म्हणजे डेटा वाटेत बिघडला) असेल, तर गडबड खालच्या थरात आहे. तरी लगेच कार्डाला दोष देऊ नका. सैल सॉकेट आणि अशक्त पॉवर सप्लायही हेच आकडे दाखवतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की 'अंडर-व्होल्टेज'ची नोंद होते, ती आधी शोधा.

आता दुरुस्ती. इथे घाई नडते. एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवण्याआधी डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या साधनाने कार्डाची पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा, कारण मरणासन्न कार्डावर एफएससीके चालवणं म्हणजे आहे तेही घालवणं. मग कार्ड दुसऱ्या संगणकाला लावून, माउंट न करता (म्हणजे त्याच्या फाइल्स वापरायला न उघडता) एफएससीकेने तपासा. चुका दुरुस्त झाल्या तर एफएससीके १ हा कोड परत करतं. कार्ड काढून पुन्हा घाला (नाहीतर कॅशे, म्हणजे संगणकाने स्वतःकडे ठेवलेला जुना डेटा, फसवतो) आणि सक्तीची पूर्ण तपासणी परत चालवा. ० आला तर रोग नोंदींचा होता. त्याच चुका पुन्हा आल्या तर वेगळ्या रीडरवर एकदा पाहा, आणि मग कार्ड टाकून द्या.

'फॉरमॅट केल्यावर चाललं' हा पुरावा मला कधीच पटलेला नाही. क्विक फॉरमॅट फक्त नवे तक्ते लिहितो, बाकीच्या ब्लॉकला हातही लावत नाही. पूर्ण जागा खरंच वापरता येते का, हे एफ३ सारख्या साधनाने लिहून-वाचून बघावं. छापील क्षमता खोटी असलेलं बनावट कार्डही त्यातच उघडं पडतं.

नोंदींचा रोग असेल तर रूट विभाजन (कार्डाचा प्रणाली असलेला भाग) रीड-ओन्ली ठेवून लॉग रॅममध्ये वळवा. कार्ड संपलं असेल तर जास्त लेखन सोसणारं कार्ड घ्या. पण लॉग तिथेही कमी करा, नाहीतर नवं कार्डही त्याच वाटेने जाईल.